तारकाकांची सेफ्टी पिन

रविवारी तारकाकांच्या हातात सेफ्टी पिन आली की घरातली भोकं असलेली प्रत्येक वस्तू जीव मुठीत धरून बसायची. आधी शेगडीचे बर्नर, मग मीठदाणी, मग न्हाणीघरातला शॉवर आणि शेवटी चहाची गाळणी, असा त्यांचा क्रम ठरलेला होता. टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात चौतीस वर्षं काढल्यावर त्यांचा एक सिद्धान्त पक्का झाला होता. जगातला कुठलाही बिघाड शेवटी कचऱ्यामुळे होतो, कचरा काढला की बिघाड जातो. याच खात्यामुळे सगळी इमारत त्यांना तारकाका म्हणायची, आणि ते नाव ऐकलं की निवृत्तीला चार वर्षं झाली तरी काकांची छाती दोन बोटं पुढे यायची.

त्या रविवारी गाळणी नेमकी काकूंनी आदल्या दिवशीच घासून ठेवली होती. पिन उघडी, हात मोकळे आणि जेवायला अवकाश. टेबलावर काकूंचा मोबाइल पडला होता. काका स्वतः मोबाइल बाळगत नसत. ज्याला तार नाही त्याला फोन म्हणायला त्यांची जीभ रेटत नसे. पण स्वच्छतेच्या बाबतीत त्यांनी कधी दुजाभाव केला नाही. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला, तर खालच्या कडेला एक बारीक भोक, आणि तेही कळकट. काकांनी पिन आत घातली. आत काहीतरी मऊ लागलं. म्हणजे कचरा भरपूर होता. त्यांनी आणखी थोडा जोर दिला, तेव्हा आतून बारीकसा ‘टक्’ असा आवाज आला. काकांना फार बरं वाटलं.

हे बरं वाटणं सोमवारच्या संध्याकाळपर्यंत टिकलं.

सोमवारी दिवेलागणीला काकूंचा फोन वाजला. काकूंनी नाव पाहिलं आणि त्या खुर्चीवर मटकन बसल्या. “अहो, अक्का!” त्या म्हणाल्या.

अक्का म्हणजे काकूंची थोरली बहीण. दीड वर्षापासून दोघी बहिणींत अबोला होता. त्यांच्या आईच्या शिलाई मशीनवरून काहीतरी झालं होतं. काय झालं होतं हे काकांनी कधी खोलात जाऊन विचारलं नव्हतं. बायकांचं असतं काहीतरी, असं म्हणून त्यांनी तो विषय मनातल्या मनात निकाली काढला होता. खात्यातही पुष्कळ तक्रारी अशाच निकाली निघत.

काकूंनी फोन कानाला लावला. “अक्का! अक्का, बोल ना गं!”

पलीकडून अक्कांचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ येत होता. “हॅलो. हॅलो? अगं, उचललास ना फोन? मग बोल की.” काकू बोलत होत्या, पण पलीकडे काही पोचत नव्हतं. शेवटी अक्का म्हणाल्या, “बरं,” आणि फोन ठेवला. काकूंनी लगेच उलटा फोन लावला. “फोन करतेस आणि गप्प बसतेस?” अक्का म्हणाल्या. “हा कुठला राग?”

काकू काकांकडे बघायला लागल्या. घरातले टेलिफोनचे जाणकार तेच होते.

काकांनी चष्मा लावला, घसा साफ केला आणि कित्येक दिवसांत वापरायला न मिळालेला आवाज काढला. “रिसीव्हिंग ओके आहे. ट्रान्समिशन फॉल्ट. म्हणजे तिकडचा आवाज इकडे येतो, इकडचा तिकडे जात नाही. अशा हजारो केसेस काढल्यात मी. हे बघ, आवाज इथून आत जातो...” असं म्हणून त्यांनी फोनच्या खालच्या कडेवरच्या त्या बारीक भोकावर बोट ठेवलं.

बोट तिथंच राहिलं. कालचा तो ‘टक्’ त्यांना पुन्हा स्पष्ट ऐकू आला.

“इथून आत जातो, आणि मग?” काकूंनी विचारलं.

“मग नेटवर्क,” काका म्हणाले. “नेटवर्कचा दोष आहे.”

हे त्यांचं पहिलं खोटं. माणूस पहिल्या खोट्याला एकदाचंच म्हणून सोडून देतो, आणि काकाही तेच समजले. सकाळपर्यंत आपण गुपचूप दुरुस्त करू, कुणाला पत्ता लागणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. जुन्या रिसीव्हरच्या बोलायच्या बाजूला कार्बनचे दाणे असत. ते दमटपणानं घट्ट बसले की आवाज जायचा नाही, मग रिसीव्हर तळहातावर दोनदा आपटायचा, दाणे मोकळे होत. काकांनी चौतीस वर्षांत हजारदा हा इलाज केला होता. काकू स्वयंपाकघरात जाताच त्यांनी मोबाइल तळहातावर आपटला. काही फरक पडला नाही. मग टेबलाच्या कडेवर आपटला. आता फरक पडला. काचेवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला.

“नेटवर्कमुळे?” काकूंनी बाहेर येऊन विचारलं. काका चष्मा पुसायला लागले.

मंगळवारी अक्कांचा फोन पुन्हा आला. या खेपेला त्यांनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. “ऐक. शुक्रवारी सकाळी माझं डोळ्याचं ऑपरेशन आहे. सोबत कुणी नाही. तू यावंस असं मला वाटत होतं, म्हणून मोठेपणा बाजूला ठेवून फोन केला. यायचं नसेल तर तसं सांग, पण अशी मुकी बसू नकोस, मला ते सहन होत नाही. गुरुवारी संध्याकाळी शेवटचं विचारीन. नाहीतर नर्स ठेवते.”

“येते! अगं, येते ना! कुठल्या दवाखान्यात?” काकू ओरडल्या. खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं, फक्त अक्कांना गेलं नाही.

दुसरा काही मार्ग नव्हता का, असं कुणालाही वाटेल. काकूंनाही वाटलं. पण अक्कांनी वर्षभरापूर्वी घर बदललं होतं, आणि अबोल्यात कुणी नवे पत्ते कळवत नाही. अनोळखी नंबर त्या उचलत नसत, कारण त्यांच्या शेजारणीला एकदा कुणीतरी फोनवरून गंडा घातला होता. मेसेज करावा, तर ऑपरेशन डोळ्याचंच. राहता राहिला घरातला तारेचा फोन, आणि तो अडीच महिने बंद होता. चौतीस वर्षं लोकांच्या तक्रारी लिहून घेणाऱ्या काकांनी त्याबद्दल आपल्याच जुन्या खात्यात सात तक्रारी नोंदवल्या होत्या. दर वेळी एक मंजूळ आवाज त्यांना सांगायचा की त्यांची तक्रार खात्यासाठी महत्त्वाची आहे. हे वाक्य काकांनी स्वतः इतक्या लोकांना सांगितलं होतं की त्याची किंमत त्यांना पुरती ठाऊक होती.

काकूंच्या ओरडण्यानं मात्र एक झालं. शेजारी आले.

खालच्या मजल्यावरचे बँकवाले आधी आले. ते बँकेतून निवृत्त झाले होते आणि सल्ला देण्याच्या नोकरीत स्वखुशीनं रुजू झाले होते. त्यांच्या पाठोपाठ समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई आल्या. त्या शाळेत शिकवत, म्हणून सगळी इमारत त्यांना बाई म्हणे, आणि कुणी काही बोलायला लागलं की त्या आधी त्याला नीट उभं राहायला लावत.

“दमट झाला असेल,” बाई म्हणाल्या. “तांदळाच्या डब्यात ठेवा. आमच्या शाळेतल्या शिपायाचा फोन बादलीत पडला होता, तो तांदळातून खडखडीत निघाला.”

काकांना कारण माहीत होतं. तांदळानं पिनेची जखम भरून येत नाही हेही माहीत होतं. पण तसं म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. त्यांनी निमूटपणे फोन तांदळात पुरला. दोन तासांनी बाहेर काढला तेव्हा इयरफोनच्या गोल भोकात तांदळाचा एक दाणा मापून बसवावा तसा बसला होता. तेवढ्यात बँकवाले इयरफोन घेऊन आले. “यात वेगळा माइक असतो. हा लावा, काम फत्ते,” ते म्हणाले. त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं, म्हणूनच काकांना घाम फुटला. त्यांनी दाणा काढण्यासाठी पिन घेतली. दाणा आणखी आत गेला.

“असू दे,” बँकवाले म्हणाले. “सिम काढा, माझ्या फोनात घाला. तुमच्याच नंबरवरून बोलता येईल.”

हाही सल्ला बरोबर निघाला. बँकवाल्यांचे दोन सल्ले एका दिवसात बरोबर निघणं हे त्यांच्या स्वतःच्याही अनुभवाबाहेरचं होतं. सिमचा कप्पा उघडायला कडेला एक भोक होतं, त्यात टोकदार वस्तू घालावी लागते. आयुष्यात पहिल्यांदाच पिन योग्य भोकात जात होती. पण बर्नर आणि शॉवर खरवडून तिचं टोक झिजलं होतं. ते आत तुटलं आणि तिथंच अडकलं. कप्पा कायमचा बंद झाला. काकांच्या हातात बिनटोकाची पिन राहिली.

काकू काही बोलल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त डब्यातले तांदूळ निवडायला घेतले, आणि त्यांच्या खाली घातलेल्या मानेकडे बघून काकांना स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं. सगळी इमारत ज्याला तारकाका म्हणते, त्यानं बायकोच्या फोनचा जीव पिनेनं घेतला, हे वाक्य त्यांच्या तोंडातून निघेना. बँकवाल्यांनी जाता जाता फोनच्या सेटिंगमध्ये काहीतरी करून पाहिलं, तेव्हापासून तो फोन गोलगोल अक्षरांच्या कुठल्यातरी परक्या भाषेत बोलायला लागला. मूळ भाषेकडे परत कसं जायचं हे त्याच भाषेत लिहिलेलं होतं.

बुधवारी काका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात गेले. टोकन घेऊन ते बसले. त्यांचा नंबर आला तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं बिल मागितलं. ते घेऊन आले तर बिल काकूंच्या नावावर, म्हणून काकूंचं पत्र हवं. पत्र घेऊन आले तर त्यावर तारीख नव्हती. तारीख घालून आले तेव्हा त्यांचं टोकन उलटून गेलं होतं. यातली प्रत्येक अडवणूक काकांनी नोकरीत लोकांवर केलेली होती, त्यामुळे त्यांना धड रागावताही येईना.

मग फॉर्म आला. त्यात एक रकाना होता: बिघाडाचं कारण. काकांनी पुष्कळ विचार करून लिहिलं, ‘नैसर्गिक’.

मुलीनं फोन हातात घेतला, डोळ्याला भिंग लावलं आणि त्या बारीक भोकात पाहिलं. तिनं बराच वेळ पाहिलं. मग तिनं सिमच्या कप्प्यात पाहिलं, इयरफोनच्या भोकात पाहिलं, आणि शेवटी भिंग काढून काकांकडे पाहिलं.

“माइक फाटलाय,” ती म्हणाली. “कुणीतरी टोकदार वस्तू घातलीय. आणि हा तांदूळ आहे का?”

मागच्या बाकावरची पाच-सहा माणसं पुढे वाकली.

“नातू,” काका म्हणाले. “नातू फार द्वाड आहे.”

काकांना नातू नव्हता. त्यांना मूलबाळच नव्हतं. हे खोटं मात्र त्यांच्या स्वतःच्याच कानाला इतकं वाईट लागलं की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. ती मुलगी हसली आणि म्हणाली, “किती वर्षांचा आहे?”

“चौसष्ट,” असं स्वतःचंच वय काकांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

“फोन ठेवून जा, दहा दिवसांनी मिळेल,” ती म्हणाली. “दहा दिवस?” काका म्हणाले. “शुक्रवारी ऑपरेशन आहे!” “मग काका, तोपर्यंत एक करा...” असं म्हणून ती काहीतरी सांगायला लागली. पण मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “आजकालची पोरं म्हणजे ना!” आणि काकांना ते ऐकवेना. त्यांनी तिच्या हातातून फोन घेतला आणि वाक्य पुरं होण्याआधीच ते दाराबाहेर पडले.

गुरुवारी संध्याकाळी काकूंच्या टेबलाभोवती चौघं बसले होते. टेबलाच्या मधोमध तो तडा गेलेला, तांदूळ खाल्लेला, परकी भाषा बोलणारा फोन. बाईंनी वही-पेन्सिल घेतली होती. त्यांची योजना साधी होती. अक्का काहीतरी बोलतील, त्यात दवाखान्याचं नाव आलं तर ते लिहून घ्यायचं आणि काकूंना पहाटेच्या गाडीत बसवून द्यायचं. “फोन स्पीकरवर टाका,” त्या म्हणाल्या. “म्हणजे एकाचं ऐकायचं राहिलं तर दुसरा ऐकेल.”

काकूंनी आयुष्यात कधी फोन स्पीकरवर टाकला नव्हता. घरच्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला, असं त्यांचं मत होतं. पण आता मत धरून बसायची वेळ नव्हती. फोन वाजला. काकांनी कर्ण्याचं चित्र शोधून दाबलं.

“हॅलो,” अक्का म्हणाल्या. आवाज खोलीभर घुमला.

“श्श!” बँकवाले म्हणाले. “कुणी बोलू नका.”

“अहो, बोला की,” काका म्हणाले. चार दिवस खाली घातलेली त्यांची मान जरा वर आली. निदान समजावून सांगण्याचा मान तरी अजून त्यांचाच होता. “तिकडे एक अक्षर जात नाही. हा शुद्ध ट्रान्समिशन फॉल्ट. इथं ढोल बडवा, त्यांना काही कळायचं नाही.”

“कोण बोलतंय तिथं?” अक्का म्हणाल्या.

“बघा,” काका म्हणाले. “कोण बोलतंय म्हणून विचारतायत. म्हणजे काहीच ऐकू येत नाहीये.”

बँकवाल्यांनी मान डोलावली. अक्का यावर गप्प झाल्या. फोनवरचे सेकंदाचे आकडे पुढे सरकत होते.

“म्हणजे आपण अगदी काहीही बोललो तरी?” बँकवाल्यांनी खात्री करून घेतली.

“काहीही,” काका म्हणाले. आणि मग, चार दिवस लाजेनं आखडलेल्या माणसाला एकदम थोडी मोकळी हवा मिळावी तसं त्यांचं झालं. ते फोनकडे वळले आणि सभेत बोलावं तसं बोलले, “अक्का! तुम्ही अबोला धरेपर्यंत पंचवीस वर्षं मला दरवर्षी एक स्वेटर विणून पाठवलात. त्यातला एकही माझ्या डोक्यातून आत गेलेला नाही. पंचवीस स्वेटर, आणि सगळ्यांचे गळे एखाद्या बाहुलीच्या मापाचे! त्यातल्या निळ्यानं मी स्कूटर पुसतो. फार छान पुसली जाते!”

बँकवाले खो-खो हसले. बाईही हसल्या, आणि त्या सहसा हसत नसत. काकाही हसले. त्या आठवड्यातलं ते त्यांचं पहिलं हसू होतं.

काकू हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि फोनवर वाकल्या.

“अक्का, मी बोलतेय गं,” त्या हळूच म्हणाल्या. “तुला ऐकू येत नाही, माहितीय मला. तरी बोलते, नाहीतर माझं डोकं फुटेल. तू फोन करतेस आणि मी घसा कोरडा होईपर्यंत ओरडते, आणि तुला वाटतं मी मुकी बसलेय. आईचं मशीन मी कुणाला दिलं नाही गं. ह्यांनी साफ करायला म्हणून उघडलं, आणि मग त्यांना ते जोडता येईना. सगळे भाग पोत्यात घालून माळ्यावर ठेवलेत. तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं, अडगळ होत होती, काढून टाकलं. खरं सांगितलं असतं तर सगळे ह्यांना हसले असते. रिटायर झाल्यापासून ह्यांना घरात काही सुचत नव्हतं, कुणी काही विचारायला येत नव्हतं. एवढं एक राहिलं होतं त्यांचं, की ह्यांना यंत्रातलं कळतं. म्हटलं, माझी बहीण आहे, चार दिवस रागावेल आणि विसरेल. तू दीड वर्ष रागावलीस गं.”

खोलीत कुणी हसत नव्हतं. बाई वहीच्या कोऱ्या पानाकडे बघत होत्या.

काकांना ते पोतं आठवलं. माळ्यावर, ट्रंकेच्या मागे त्यांनीच ते सरकवलं होतं, आणि ‘सवडीनं बघू’ म्हणून विसरून गेले होते. ते पोतं काकूंनी दीड वर्ष स्वतःच्या डोक्यावर वाहिलं, आणि आपण ‘बायकांचं असतं काहीतरी’ म्हणून मोकळे झालो. आजवर त्यांना जी काही लाज वाटली होती ती याच्यापुढे काहीच नव्हती. काकूंकडे बघायची त्यांची छाती होईना, म्हणून ते फोनकडे बघून बोलले.

“आणि ह्या फोनलाही मीच पिन घातली.”

“कसली पिन?” बँकवाले म्हणाले.

“सेफ्टी पिन. रविवारी. माइक फाटला. मला सोमवारपासून माहीत होतं. नेटवर्क-बिटवर्क काही नाही. आणि सर्व्हिस सेंटरात मी सांगितलं, नातवानं केलं.”

“पण काका, तुम्हाला नातू कुठं आहे?” बाई म्हणाल्या.

“नाही,” काका म्हणाले.

तेवढ्यात टेबलावरच्या फोनमधून, शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ आवाज आला.

“पोत्यात सगळे भाग आहेत का? का त्यातलेही हरवलेत?”

बँकवाले खुर्चीतून उठले आणि फोनसमोर अदबीनं उभे राहिले. बाईंच्या हातातली पेन्सिल पडली. काकांनी फोनकडे असं पाहिलं की जणू तो मेला होता आणि उठून बसला.

“अक्का!” काकूंचा आवाज फुटला. “तुला ऐकू येतंय?”

“पहिल्यापासून,” अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाजही नेहमीचा नव्हता. “आज काय केलंत कुणास ठाऊक, सगळं लख्ख येतंय. मी विचारलं की कोण बोलतंय, तर कुणी उत्तरच देईना. मग ऐकत बसले. वेडी कुठली! दीड वर्ष! मला आधी सांगायला काय झालं होतं तुला? रडू नकोस. आता दवाखान्याचं नाव लिहून घे.”

बाईंनी पेन्सिल शोधून नाव लिहून घेतलं. सगळं सांगून झाल्यावर अक्का म्हणाल्या, “आणि निळा का? तो लोकरीचा होता. फडक्याला सुती बरं.”

काका तिथून उठले आणि न्हाणीघरात जाऊन बराच वेळ तोंड धूत बसले.

यातला तांत्रिक भाग काकांना पुढे सर्व्हिस सेंटरातल्या मुलीनं समजावून सांगितला. या फोनला माइक दोन असतात, एक खाली आणि एक वर. नुसतं कानाला लावून बोललं तर खालचा लागतो, स्पीकरवर टाकलं की वरचा. “तेच सांगत होते मी तुम्हाला,” ती म्हणाली. “तोपर्यंत स्पीकरवर बोला म्हणून. पण तुम्ही ऐकूनच घेतलं नाही.” मग तिनं नातवाची चौकशी केली. काकांनी तिला नातू नसल्याचं सांगितलं. हे सांगायला ते टोकन घेऊन तासभर रांगेत बसले होते.

शुक्रवारी सकाळी काकू आणि काका दोघंही दवाखान्यात होते. काकूंनी एकटीनं जायची तयारी केली होती, पण काकांनीही आपली पिशवी भरली आणि गाडीत त्यांच्या शेजारी येऊन बसले. बाहेर चांगलंच ऊन होतं. तरी काकांनी अंगात निळा स्वेटर घातला होता. रात्री जागून त्यांनी तो स्वतः तीनदा धुतला होता, इस्त्रीनं वाळवला होता, आणि गळा डोक्यातून जाईना तेव्हा शिवण दोन बोटं उसवून तो एकदाचा आत ओढला होता. गाडीतली माणसं त्यांच्याकडे बघत होती. बघू देत, असं काका मनात म्हणाले. ती शिक्षा त्यांना कमीच वाटत होती.

ऑपरेशन नीट झालं. अक्का खाटेवर पडून होत्या, एका डोळ्यावर पट्टी, दुसरा डॉक्टरांच्या हुकमानं मिटलेला. काकू त्यांचा हात हातात घेऊन बसल्या होत्या आणि दीड वर्षाचं दोघी मिळून बोलत होत्या. काका दाराशी उभे होते. शेवटी काकूंनी खूण केली, तसे ते पुढे आले आणि खाटेशी उभे राहिले.

अक्कांनी हात लांब केला. तो काकांच्या बाहीला लागला. त्यांनी ती वीण बोटांनी चाचपून पाहिली, मग बाही नाकाशी नेली.

“निळाच आहे,” त्या म्हणाल्या. “पेट्रोलचा वास अजून येतोय.”

काकांनी मान खाली घातली.

“पंचवीस वर्षं,” अक्का म्हणाल्या. “मी दरवर्षी विणत होते. माप चुकतंय हे एकदा सांगता आलं नाही तुम्हाला? चौतीस वर्षं लोकांचे आवाज इकडून तिकडे पोचवलेत म्हणे.”

काकांनी मान हलवली. आधी होकारार्थी, मग नकारार्थी, मग दोन्हीच्या मधे कुठंतरी. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि आपलं हे असं तोंड अक्कांना दिसत नाही याबद्दल त्यांना मनातून बरं वाटत होतं.

“हॅलो?” अक्का म्हणाल्या. “आहात ना? मान हलवत असाल तर उपयोग नाही, मला दिसत नाहीये. बोला.”

काकू त्यांच्याकडे बघत होत्या. काकांनी एकदा काकूंकडे पाहिलं, मग घसा साफ केला.

“डोक्यातून जात नाही, अक्का,” ते म्हणाले. “गळा लहान होतो. आणि मशीन मी उघडलं होतं. हिनं नाही.”

“हां,” अक्का म्हणाल्या आणि उशीवर डोकं टेकलं. “आता आला आवाज.”